जानरावांचं निरीक्षण

शेलगव्हाणच्या पोस्टात एकच माणूस होता, आणि तो म्हणजे जानराव इंगोले. शिक्का तेच मारत, थैली तेच बांधत आणि सायकलवर पत्रंही तेच वाटत. वय त्रेसष्ट, अजून दोन वर्षं नोकरी बाकी. ग्रामपंचायतीच्या इमारतीतली कडेची खोली, एक टेबल, एक लोखंडी पेटी आणि सरकारनं दिलेला मोबाईल, एवढं त्यांचं ऑफिस. गावात सगळे त्यांना मास्तर म्हणत. शाळेत नवे आलेले गुरुजी पहिले काही दिवस या हाकेला ओ देत आणि मग ओशाळत.

जानेवारीतल्या एका मंगळवारी थैलीतून त्यांच्याच नावाचं पत्र निघालं. जन्मभर दुसऱ्यांची पत्रं वाटणाऱ्याला स्वतःच्या नावाचं पाकीट दिसलं की तो आधी पाठवणाऱ्याचा शिक्काच पाहतो. त्यांनी ते उभ्यानं वाचलं, मग बसून वाचलं.

'भविष्यातील इंटरनेटची संरचना या संशोधन प्रकल्पांतर्गत कु. मंजुषा वानखडे या आपल्या शाखेच्या वितरण पद्धतीचे पंधरा दिवस निरीक्षण करतील. त्यांना आवश्यक ते सहकार्य करावे.'

इंटरनेट त्यांना ऐकून माहीत होतं. संरचना म्हणजे काय ते कळलं नाही, आणि प्रकल्पांतर्गत या शब्दापाशी तर जीभच अडखळली. कळला तो एकच शब्द. निरीक्षण. वर्षातून एकदा साहेब यायचे, पेटी उघडायला लावायचे, वह्या उलट्यासुलट्या करायचे आणि जाताना लाल शाईनं काहीतरी खरडून जायचे. पोस्टात निरीक्षण म्हणतात ते याला. पण ते अर्ध्या दिवसात उरकायचं. हे पंधरा दिवस चालणार होतं.

घरी लिलाबाई अंगणात तुरीच्या शेंगा सोलत बसल्या होत्या. त्यांनी पत्र ऐकलं आणि हातातली शेंग तशीच धरली.

"इंटरनेटवाली बाई पोस्टाचं निरीक्षण कायले करन?"

"थेच त समजून नाई राह्यलं."

"तुमी काही केलं त नाई ना?"

जानराव पत्राची घडी घालत आत गेले. कारण केलं होतं, आणि एकदा नाही, वीस वर्षं केलं होतं.

गावापासून दीड कोसावर खालचा तांडा आहे, साठेक घरांचा. दिवाळी झाली की उसाच्या टोळ्यांचे ट्रक येतात आणि पन्नास घरांना कुलपं लागतात. कोणी सांगलीकडे जातं, कोणी पार कर्नाटकात, आणि माणसं परततात ती होळीला. पण हे टपालाला ठाऊक नसतं. आधार कार्डं, बँकेची कार्डं, घरकुलाच्या नोटिसा, पोरींच्या वसतिगृहाची पत्रं, सगळं बाराही महिने त्याच कुलपांवर येऊन पडतं. नियम म्हणतो, माणूस नसेल तर शेरा मारा आणि पाठवा परत. फार पूर्वी एका हिवाळ्यात जानरावांनी नियमानं एकेचाळीस पत्रं परत केली होती. होळीला रूपला राठोड पोस्टात आला, दारातच उकिडवा बसला आणि म्हणाला, "मास्तर, माह्या भावाचं पत्र आलतं म्हणे. थो आता नाई राह्यला." तेवढं बोलून तो उठून गेला.

त्यानंतर जानराव नियम विसरले. पत्र आलं की टोळीच्या मुकादमाला, किशनला, फोन लावायचा. ज्याचं असेल त्याला बोलवायचं. त्यानं "वाचा मास्तर" म्हटलं की पाकीट फोडून फोनवर वाचून दाखवायचं, आणि कागद घरच्या पेटीत जपून ठेवायचा, नाहीतर जाणाऱ्या ट्रकवर द्यायचा. वहीत अंगठा तांड्यातल्या कमलीबाईचा. दुसऱ्याचं टपाल फोडणं म्हणजे नोकरीवर पाणी, हे काय त्यांना माहीत नव्हतं! पण वीस वर्षांत कोणी तक्रार केली नव्हती. मग आता कोणी केली?

गुरुवारी दहाच्या बसनं ती उतरली. पाठीवर पिशवी, पायात कापडी बूट, वय फार तर अठ्ठावीस. "जय भीम, काका," ती म्हणाली, "मी मंजुषा. वाशिमचीच आहे, सध्या बंगळूरला शिकते."

"जय भीम," जानराव पुटपुटले. निरीक्षणाला आलेल्या साहेबानं आधी जय भीम घातल्याचं त्यांना आठवत नव्हतं. आपल्यातली पोर एवढी शिकली याचं बरं वाटलं, आणि लगेच धास्तीही वाटली. आपलं माणूस जास्त कडक असतं. कोणी बोट दाखवू नये म्हणून आपल्यालाच आधी धरतं.

तिनं टेबलावर वही उघडली. "काका, सांगू का मी कशासाठी आलेय ते?"

"सांगा ना, मॅडम."

"आत्ताच्या इंटरनेटमध्ये प्रत्येक यंत्राला एक पत्ता असतो. तोच त्याचं नाव आणि तोच त्याचं ठिकाण. ही रचना पन्नास वर्षांपूर्वीची. तेव्हा यंत्रं खोलीएवढी होती, ती कुठं हलणार? आता सगळं माणसाच्या खिशात फिरतंय. यंत्र हललं की पत्ता बदलतो, आणि पत्ता बदलला की ते हरवतं. इतकी वर्षं ठिगळं लावून भागवलं. आम्ही बघतोय, उद्या मुळापासून नवं बांधायचं झालं तर कसं बांधायचं. नाव वेगळं, ठिकाण वेगळं. माणूस कुठंही असो, नावावरून सापडला पाहिजे."

"हौ," जानराव म्हणाले. एक अक्षर पोचलं नव्हतं. "मंग यात आपलं पोस्ट कोठी आलं?"

"तेच तर! पत्त्यावर माणूस नसला की तुम्ही काय करता?"

इतका वेळ इंटरनेट, यंत्रं, पन्नास वर्षं असं गोल गोल फिरून पोरगी बरोबर तिथंच आली होती.

"नियमानं करतो," ते म्हणाले.

तिनं ते लिहून घेतलं. मग काडेपेटीएवढं एक काळं यंत्र त्यांच्या टपालाच्या झोळीत ठेवलं. "तुम्ही कुठून कुठं जाता ते यात उमटत राहील. याचा तुम्हाला काही त्रास नाही."

त्या दिवसापासून शेलगव्हाणात टपाल नियमानं वाटलं जाऊ लागलं, आणि गावाचं डोकं फिरायची वेळ आली. भागिरथाबाई म्हणजे जानरावांच्या भिंतीला भिंत. भागिरथाबाईंचं बँकेचं पाकीट आलं, तर मास्तर दारात ताठ उभे. "ओळखपत्र दाखवा."

"कोणाचं?"

"तुमचं."

"मास्तर, तुमच्या लग्नात पंगतीले म्या वाढलं. तुमाले ताप त नाई ना आला?"

जानरावांनी डोळ्यांनी मागं खूण केली. मागं मंजुषा वहीत लिहीत होती. भागिरथाबाईंना खूण कळली नाही, पण त्या घरात गेल्या, आधार कार्ड शोधून आणलं आणि दिवसभर शेजारीपाजारी सांगत राहिल्या की मास्तरचं काहीतरी बिनसलं.

शुक्रवारी तांड्याकडे जायचं होतं. झोळीत तांड्याची सात पाकिटं होती. वाटेत हरभरा घाट्यांनी लगडला होता. जानराव सायकल हातात धरून चालत होते, मंजुषा बाजूनं. सात पाकिटांतलं एक त्यांना सकाळपासून टोचत होतं. कु. निता रूपला राठोड. पाठवणार कारंज्याचा एक ट्रस्टचा दवाखाना. नितानं नर्सिंगचा कोर्स केला होता आणि दसऱ्याला अर्ज केल्याचं तिनंच त्यांना सांगितलं होतं. 'काका, काही आलं त फोन लावजा,' असंही ती जाताना म्हणाली होती. या वर्षी ती मायबापांबरोबर उसाला गेली होती, कारण संगीताचा, तिच्या याडीचा म्हणजे मायचा, हात कोयत्यानं कापला होता, आणि रूपलाला जोडीला माणूस नव्हतं.

तांडा सामसूम होता. कुलपांच्या रांगेत कमलीबाई, रूपलाची चुलती, आपल्या ओट्यावर ऊन खात बसली होती. जानराव रूपलाच्या दारापाशी थांबले.

"नितीचं आलं का कागद?" कमलीबाईनं हात पुढं केला. "आन, म्या अंगठा देतो."

जानरावांनी पाकीट दिलं नाही. पाकिटावर 'कुलूप' एवढाच शेरा मारला असता तर पाकीट सात दिवस पोस्टात थांबलं असतं. त्यांच्या मनात तेच होतं. सात दिवसांत ही निरीक्षणवाली बाई निघून गेली नाही तरी काहीतरी सुचलंच असतं. तेवढ्यात मंजुषानं सहज विचारलं, "आजी, हे लोक परत कधी येतील?"

"होळीले येतीन, बाई. त्याच्या आंधी कायले येतात?"

मंजुषानं लिहिलं. जानरावांनी तिची पेन्सिल पाहिली. आता कुलूप म्हणता येईना. दोन महिने माणूस येत नाही हे निरीक्षणात आलं होतं. त्यांनी खिशातून पेन काढलं, पाकिटाच्या पाठीवर आपल्या गोल अक्षरात लिहिलं, 'पत्ता सोडून गेले. परत', आणि मोबाईलवर तीच खूण केली. बाकीच्या सहांचंही तसंच झालं.

कमलीबाईचा हात अजून पुढंच होता. "मास्तर?" ती म्हणाली.

"नियम हाये, बाई," जानराव म्हणाले आणि सायकल वळवली. मागं वळून पाहिलं तर मंजुषा तिथंच उभी होती आणि कागदावरून कुलपांकडे, कुलपांवरून कागदाकडे पाहत होती. तिच्या कपाळावर आठी होती.

दुपारच्या बसनं थैली मंगरूळपीरला गेली.

पुढचे दिवस असेच गेले. मंजुषा विचारायची, "काका, आणखी काही करता का तुम्ही? दुसरं काही?" आणि ते दरवेळी म्हणायचे, "नाई मॅडम, जे हाये थे हे." मंगळवारी ती हातपंपापाशी उभी राहून फोनवर बोलत होती. "सर, आकडे जुळतच नाहीत. काहीतरी चुकतंय. मी शेवटपर्यंत थांबू की परत येऊ?" जानराव भिंतीआड उभे होते. आकडे जुळत नाहीत, चुकतंय, म्हणजे सापडलं! घरी जाऊन त्यांनी लिलाबाईला सांगितलं, "पेटीतले तांड्याचे कागद तुह्या मायच्या घरी ठेवून ये."

"तुमी काही चोरी केली का?" लिलाबाई म्हणाल्या.

"नाई."

"मंग कागद कायले लपवता? अन् चोरी नाई केली त एवढे पिवळे काहून पडले?"

नियम मोडत होतो तेव्हा झोप लागत होती, आणि नियम पाळू लागलो तर भूक मेली. त्यांना स्वतःचंच काही समजत नव्हतं.

बुधवारी दुपारी पोस्टाच्या ओट्यावर मंजुषा पिशवी भरत होती. ती आठ दिवस आधीच निघाली होती. लिलाबाईंनी तिच्यासाठी तुरीच्या सोल्यांची भाजी आणि भाकर पाठवली होती. ती डब्याशी नुसती बसली होती.

"काका, एक विचारू? राग मानू नका," ती म्हणाली. "मी इथं का आले ते ठाऊक आहे? आम्ही चार वर्षांचे आकडे मागवले होते. जिथली माणसं हंगामाला बाहेर जातात अशा साऱ्या गावांचे. सगळीकडे हिवाळ्यात निम्मं टपाल परत जातं. तुमच्या तांड्याची चार हिवाळ्यांत फक्त सहा पाकिटं परत गेली. साडेतीनशेतली सहा! माझे सर म्हणाले, या माणसाला काहीतरी येतं जे आपल्याला येत नाही, जाऊन नुसतं बघ. आणि मी आल्यापासून तुम्ही सगळंच परत पाठवताय. आकडेच खोटे असतील बहुतेक."

जानराव तिच्याकडे पाहत राहिले. "नुसतं बघ म्हंजे?"

"म्हणजे बघायचं. निरीक्षण करायचं."

"निरीक्षण म्हंजे तपासणी ना?"

"तपासणी?" मंजुषाचा हात डब्यावर थांबला. "काका, मी कोण तुमची तपासणी करणार? मी विद्यार्थिनी आहे. निरीक्षण म्हणजे पाहणं. पाखरांचं निरीक्षण करतात तसं."

जानराव खाली बसले. ओट्यावर नाही, ओट्याच्या पायरीवर, धुळीत. मग त्यांनी सगळं सांगितलं: किशनचा फोन, फोडलेली पाकिटं, कमलीबाईचा अंगठा, सासूच्या घरी लपवलेले कागद. मंजुषानं वही उघडली नाही. ती ऐकत राहिली आणि तिचा चेहरा उतरत गेला, कारण तिलाही ते शुक्रवारचं पाकीट आठवलं होतं.

"ते दवाखान्याचं?" तिनं विचारलं.

"हौ. नितीचं."

तिनं मोबाईलवर पाकिटाचा नंबर टाकला. जानरावांना तो पाठ होता. पाकीट कालच कारंज्याला पाठवणाऱ्याच्या हाती पडलं होतं.

"निताला फोन करा आधी," मंजुषा म्हणाली.

त्यांच्या घरात फोन एकच, रूपलाचा, आणि तो बंद होता. रूपलाच्या कमरेचा फोन पाण्याच्या चारीत पडल्याचं जानरावांच्या कानावर आलं होतं. किशन मुकादमाचाही बंद लागला. मग जानरावांनी चष्मा कपाळावर चढवला आणि ते आपल्या नेहमीच्या कामाला लागले. ट्रकवाल्या हेमलाला लावला. "हेमला, किशनच्या टोळीले शेवटचं कोणं पाह्यलं?" हेमलानं सेवालालचं नाव सांगितलं. सेवालाल म्हणाला, टोळी चार दिवसांपूर्वी हलली, वजनकाट्यावर विचारा. काट्यावरच्या माणसानं एका ट्रॅक्टरवाल्याचा नंबर दिला. ट्रॅक्टरवाला कन्नड बोलत होता; जानराव त्याच्याशी मोठ्या आवाजात वऱ्हाडीच बोलत राहिले, अधूनमधून 'रूपला, रूपला' म्हणत. आणि पन्नास मिनिटांत फोनमध्ये उसाच्या पाचटाची सळसळ आली आणि एका मुलीचा दमलेला आवाज.

"कोण? मास्तरकाका?"

मंजुषा इतका वेळ तोंडावर हात ठेवून बसली होती. सात दिवस ती ज्याची वाट पाहत होती ते तिच्यासमोर घडलं होतं, आणि एक ओळही लिहायचं तिच्या ध्यानात आलं नव्हतं.

"निता, तुह्यं पत्र आलतं," जानराव म्हणाले. "कारंज्याचं. म्या परत धाडलं."

"काहून, काका?"

"निरीक्षण होतं," ते म्हणाले, आणि आपण काय बोललो ते त्यांनाच उमगेना.

ती दोघं त्याच दुपारी मंगरूळपीरला गेली आणि तिथून कारंज्याची बस धरली. दवाखान्याच्या ऑफिसात उदयसिंग नावाचे कारकून होते. त्यांनी खण उघडला आणि पाकीट टेबलावर ठेवलं. पाठीवर जानरावांचं गोल अक्षर.

"हजर व्हायची मुदत सोमवारपर्यंत होती," ते म्हणाले. "अर्जावरचा नंबर बंद. काल पाकीट परत आलं, तेव्हा यादीतल्या पुढच्या मुलीला बोलावलं. ती आज सकाळी हजरही झाली."

"चूक पोरीची नाई, साहेब. माही हाये," जानराव म्हणाले. "म्या मुद्दाम परत केलं."

"मुद्दाम?"

"म्हंजे, नियमानं."

उदयसिंगांनी मंजुषाकडे पाहिलं. त्यांच्या टेबलापाशी आजवर तक्रारी घेऊन माणसं आली होती. आपलीच चूक सांगायला पोस्टातला माणूस पन्नास किलोमीटर आलेला त्यांना नवा होता. काय करावं ते न कळून त्यांनी चहा मागवला. मग एक कोरा कागद पुढं सरकवला. "काय झालं ते लिहून द्या. एप्रिलात आमच्या एक सिस्टर बाळंतपणाच्या रजेवर जाताहेत. सहा महिन्यांची जागा आहे. शब्द देत नाही, पण कागद लावून ठेवतो."

जानरावांनी लिहायला घेतलं. पहिल्याच ओळीत अडले. 'पत्ता सोडून गेले' हा शेरा खरा होता. निता पत्त्यावर नव्हती. आणि ती कुठं आहे ते आपल्याला माहीत होतं, हेही खरं होतं. दोन्ही खरं असताना चूक नेमकी कोणत्या शब्दात बसवायची ते त्यांना जमेना. शेवटी मंजुषानं सांगितलं तसं त्यांनी लिहिलं.

उदयसिंगांचं बोलणं जानरावांनी फोनवर कळवलं, आणि निता शनिवारी आली. कारखान्याच्या ट्रकवर अर्ध्या वाटेपर्यंत, मग दोन बसेस. हातांवर उसाच्या पात्यांचे चरे, डोक्याला रुमाल. पोस्टाच्या दारात उभी राहिली तेव्हा मंजुषाही तिथंच होती. ती गेलीच नव्हती. जानरावांनी पाकीट दिलं. उदयसिंगांनी ते त्यांच्याकडेच सोपवलं होतं. मोबाईलमध्ये त्या पाकिटाचं काम कधीच संपलं होतं, त्यामुळं सही घ्यायची कुठं हाही प्रश्नच होता. निताच्या हाती पाकीट देऊन ते नुसते उभे राहिले.

तिनं वाचलं, घडी घातली.

"मारून टाक मले," जानराव म्हणाले. "पण काही बोल."

"काय बोलू, काका?" निता ओट्यावर टेकली. "याडीचा हात अजून बंद होत नाई. मुठीत कोयता धरता येत नाई. पत्र येळेवर भेटलं असतं त मी आली असती का, थे मलेच माहीत नाई. बापाले एकट्याले सोडून? रोज वाटे पत्र यावं. आन् रोज वाटे, आजचा दिवस नाई आलं तरी चालते. नाई आलं त बरंच वाटे मले."

जानरावांना वाटलं होतं ती रडेल, भांडेल. मग माफी मागता आली असती. आता ती कशाबद्दल मागायची? त्यांच्या हातून पोरीचं नुकसान झालं होतं की नाही, हेही कोणी ठरवून देईना.

मंजुषा पुढं झाली. तिनं आपलं काम थोडक्यात सांगितलं, इंटरनेट, नाव, ठिकाण सगळं. निताला ते जानरावांपेक्षा लवकर समजलं.

"म्हंजे तुमच्या नव्या इंटरनेटात माहा नंबर बंद पडला, मी कोणत्या बी फडावर असली, तरी मी सापडीन?"

"सापडायला पाहिजे. तसंच बांधायचंय."

"आन् मले सापडायचंच नसन त?"

बंगळूरच्या वर्गात दोन वर्षं फळ्यावर यंत्रांची वर्तुळं काढताना मंजुषाला हे कोणी विचारलं नव्हतं. तिनं वही काढली, निताचं वाक्य तिच्याच शब्दांत लिहिलं आणि खाली दोन रेघा ओढल्या. निता थांबली नाही. तिला कमलीबाईकडे जायचं होतं, संगीतासाठी घरून औषधाचे कागद न्यायचे होते, आणि उद्याच परतायचं होतं.

पंधरा दिवस पुरे करून मंजुषा निघाली. या वेळी जानरावांनी तिला सगळं दाखवलं होतं. सासूच्या घरून कागदही परत आणले होते. बसची वाट पाहताना ती म्हणाली, "काका, एक अडचण आहे. तुम्ही कसं करता ते लिहिल्याशिवाय माझं संशोधन पुरं होत नाही. आणि लिहिलं तर पाकिटं फोडल्याबद्दल तुम्ही अडचणीत याल. म्हणून तुमचं नाव बदलीन."

"बदला."

"आणि गावाचंही."

जानरावांनी डोकं खाजवलं. "नाव बी बदललं, ठिकाण बी बदललं. मंग राह्यलं काय, पोरी?"

"तुम्ही जे करता ते."

"हौ," ते म्हणाले. इतक्या दिवसांत ते तिला पहिल्यांदाच पोरी म्हणाले होते, हे बस निघून गेल्यावर त्यांच्या ध्यानात आलं.

एप्रिलात निता कारंज्याला हजर झाली. जागा सहा महिन्यांची. पुढं काय ते उदयसिंगांनाही माहीत नव्हतं. संगीताचा हात थोडा बरा होता, पण पुरता नाही. जानरावांचं टपाल पूर्वीसारखं चाललं होतं, फक्त पाकीट फोडण्याआधी ते आता फोनवर दोनदा विचारत. एकदा एका माणसानं "राहू द्या मास्तर, नका वाचू" म्हटलं, तर त्यांनी ते पाकीट तसंच पेटीत ठेवलं आणि दोन दिवस त्याचाच विचार करत राहिले.

पावसाळ्याच्या तोंडावर त्यांच्या मोबाईलवर मंजुषाचा फोटो आला. कुठल्याशा परदेशातल्या सभेत ती एका पडद्यापाशी उभी होती. पडद्यावर पंधरा-वीस वर्तुळं, त्यांच्यामधून बाण, आणि सगळी अक्षरं इंग्रजी. खाली तिनं लिहिलं होतं, 'काका, यात तुम्ही आहात.'

जानरावांनी फोटो मोठा केला, छोटा केला, आडवा केला. लिलाबाई पीठ मळता मळता वाकून पाहू लागल्या.

"यात तुमी कोठी?"

जानरावांनी एका वर्तुळावर बोट ठेवलं. "हे अशीन."

लिलाबाई पुन्हा पिठाकडे वळल्या. जानराव पाहतच राहिले. थोड्या वेळानं त्यांनी बोट उचललं आणि दुसऱ्याच वर्तुळावर नेलं.

"नाई त हे," ते म्हणाले.